डोंगर एक, बिऱ्हाडं दोन!

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत ऑक्टोबर उजाडला की भडक नारिंगी जॅकेटं चढवून माणसांचे थवेच्या थवे जंगलात शिरतात. कुणाच्या खिशात एल्कच्या शिकारीचा परवाना, कुणाच्या खिशात हरणाचा, तर काही नशीबवानांच्या खिशात दोन्ही! या दोन्हीवाल्यांना दरवर्षी छळणारा प्रश्न एकच : हे दोन प्राणी एकाच जागी सापडतात का? प्रश्न साधा. पण त्याच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञांनी एका अख्ख्या जंगलाला कुंपण घातलं. आणि उत्तर असं निघालं, की शिकाऱ्यापेक्षा वनखात्याचीच झोप उडावी...

मुलाकडे किंवा मुलीकडे कोलोरॅडोला जाऊन आलेल्या आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. इस्टेस पार्क नावाचं डोंगरातलं टुमदार गाव, तिथलं गोल्फचं मैदान आणि त्या हिरवळीवर गावच्या वळूसारखा ऐसपैस बसलेला एक अवाढव्य प्राणी. डोक्यावर वाळक्या फांद्यांसारखी शिंगं. हाच तो एल्क. शेजारच्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे. त्यामुळे चार पावलांवर कॅमेरे रोखले गेले तरी हा पठ्ठ्या जागचा हलत नाही. त्याच राज्यातला, पण उद्यानाच्या हद्दीबाहेरचा त्याचा भाऊबंद मात्र ऑक्टोबरात माणसाचा नुसता वास आला तरी डोंगर ओलांडून पसार होतो.

जनावर तेच, डोंगरही तेच. मग वागण्यात एवढा फरक का? बंदुकीमुळे. आणि बंदुकीच्या धाकाने एल्कने आपली जागा बदलली, की त्याच डोंगरावर राहणाऱ्या दुसऱ्या हरणालाही आपलं बस्तान हलवावं लागतं. गोष्ट आहे ती या दुसऱ्या हरणाची.

आधी ओळखपरेड

आपल्याकडे ‘शिकार’ म्हटलं की कायद्याचा बडगा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातली हौसेची शिकार संपवली. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथेही एकोणिसाव्या शतकात बेबंद शिकार झाली. १९०० च्या सुमाराला एल्कची संख्या एक लाखाच्याही खाली गेली होती. मग निर्बंध आले, परवाने आले, कोणत्या भागात किती जनावरं मारायची याचे कोटे ठरले. १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. रायफल घेणारा प्रत्येक जण आजही ११ टक्के कर भरतो. आज उत्तर अमेरिकेत एल्क दहा लाखांच्या आसपास आहेत. ही पद्धत कुणाला पटो न पटो, हिशेब असा आहे.

आता नावांचा घोळ. युरोपात ‘एल्क’ म्हणजे भलतंच जनावर, ज्याला अमेरिकेत मूस म्हणतात. अमेरिकेत आलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी नवं थोराड हरिण पाहिलं आणि ओळखीचं नाव ठोकून दिलं. तिथल्या शॉनी आदिवासींचा शब्द होता ‘वापिती’, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा. नाव म्हणून हेच जास्त चपखल, पण चाललं ते गोऱ्यांचंच. काश्मीरच्या दाचीगामचा आपला हंगुल याच एल्कच्या गोत्रातला. पुरा वाढलेला एल्क नर सव्वातीनशे किलोच्या घरात जातो, मादी सव्वादोनशेच्या. आपल्या सांबरापेक्षाही हे प्रकरण थोराड!

दुसरं हरिण म्हणजे म्यूल डिअर. कान खेचरासारखे लांब, म्हणून हे नाव. आपण त्याला म्यूल हरिणच म्हणू. अंगाने चितळाच्या आसपास, जरा भारी. शेपटीचं टोक काळं. घाबरलं की चारही पाय एकदम उचलून रबरी चेंडूसारखं टप्पे घेत पळतं आणि थोड्या अंतरावर थांबून मागे वळून बघतं. या मागे वळून बघण्याच्या खोडीने आजवर किती म्यूल हरणांचा जीव गेला असेल, त्याची गणतीच नाही. पांढऱ्या शेपटीचं तिसरं एक हरिणही अमेरिकेत उदंड आहे, पण पश्चिमेत त्याचा वावर बराचसा नदीकाठच्या झाडीत आणि शेतांच्या कडेने असतो. आपल्या गोष्टीत त्याचं काम नाही.

पोटाचं राजकारण

ताडोबा किंवा कान्हाला जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल, की चितळांचे कळप गवताळ मोकळवनाच्या कडेला दिसतात आणि सांबर बहुधा दाट झाडीच्या उतारावर. जंगल तेच, पण जागा आपापली. एल्क आणि म्यूल हरिण यांचंही वरवर तसंच. मात्र त्यांच्यातली वाटणी काही भावाभावांत समजुतीने झालेली नाही. ती पोटाने केली आहे.

दोघंही रवंथ करणारे. पण एल्कचं पोट मोठं, तोंड रुंद. गवत, पालेभाजीसारख्या कोवळ्या वनस्पती, झुडपांचे शेंडे, अगदी वेळ आली तर अॅस्पेन झाडाची सालसुद्धा तो खातो आणि पचवतो. म्यूल हरणाचं तोंड निमुळतं, पोट लहान. त्याला वेचून, निवडून खावं लागतं : कोवळे कोंब, पानं, फुलोरा, रसरशीत वनस्पती. वाळक्या गवतावर ते जगू शकत नाही. कडक हिवाळ्यात दयाबुद्धीने कुणी गवताच्या पेंढ्या टाकल्या, तर हरणं त्या खातात आणि भरल्या पोटी मरतात. कारण त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव त्या चाऱ्याला सरावलेले नसतात. एल्कला मात्र असा चारा चालतो. वायोमिंग राज्यातल्या जॅक्सन गावाजवळ १९१२ पासून एल्कसाठी राखीव कुरण आहे आणि तिथे थंडीत त्यांना चारा घालण्याची प्रथा पडली. (त्या जॅक्सनच्या चौकात एल्कच्या गळून पडलेल्या शिंगांच्या कमानी उभ्या आहेत. या जातीची शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. कमानींसाठी कुणाचा जीव घ्यावा लागलेला नाही.)

यातली मेख लक्षात घ्यायला हवी. हरिण जे खातं ते एल्क खाऊ शकतो, पण एल्क जे खातो ते सगळं हरिण खाऊ शकत नाही. ओलं सालं, सुकं सालं काहीही चालणारा पाहुणा आणि पथ्यावर असलेला यजमान एकाच ताटावर बसले, तर उपाशी कोण राहणार?

महिना बदलला की मजला बदलतो

शिकाऱ्याचा प्रश्न मात्र अधिक रोकडा असतो. त्याला जीवशास्त्राशी कर्तव्य नसतं. कोलोरॅडोत रायफलच्या शिकारीचे चार हंगाम असतात. पहिला फक्त एल्कचा. दुसऱ्यापासून एल्क आणि हरिण दोन्हींची शिकार एकाच वेळी खुली होते. परराज्यातून येणाऱ्याला एल्कच्या परवान्यासाठीच सातशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. वर प्रवास, तंबू, रजा. शिवाय अंगावर किमान ५०० चौरस इंचांचा भडक नारिंगी कपडा आणि तशीच टोपी घालण्याची सक्ती, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये. २०१६ पासून तिथे झगझगीत गुलाबीही चालतो. हरणांना हे रंग आपल्याइतके भडक दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने सगळे सारखेच. एवढा खर्च केल्यावर एका खेपेत दोन्ही कामं व्हावीत, असं वाटलं तर नवल नाही. एका एल्कचं मांस शंभर किलोच्या आसपास भरतं. घरचा फ्रीजर वर्षभरासाठी भरतो. आणि शिकारीचं मांस बाजारात विकायला तिथे मनाई आहे, ते घरीच खायचं.

तर, दोन्ही एका जागी मिळतात का? त्याचं खरं उत्तर कॅलेंडरवर अवलंबून आहे.

ऑगस्टमध्ये दोघंही उंचावर असतात. म्यूल हरणाचे मोठे नर तर वृक्षरेषेच्याही वर, जिथे फक्त खडक, वारा आणि खुरटी झुडपं असतात अशा उघड्या खोलगटांत चरतात. एल्क जरा खाली, स्प्रूस आणि फरच्या गर्द झाडीत, पाण्याच्या आणि कुरणाच्या आसपास. सप्टेंबरात एल्कचा माज सुरू होतो. नर चिखलात लोळतात, झाडांवर शिंगं घासतात आणि पहाटे तुतारी फुंकल्यासारखे ओरडतात. सुरुवात घोगरी आणि शेवट शिटीसारखा किनरा. एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून असा बारीक सूर निघतो यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. धनुष्यबाणाने शिकार करणारे याच आवाजाची नक्कल करून नराला जवळ बोलावतात. त्या वेळी म्यूल हरणांचे नर गप्प असतात. त्यांचा माज नोव्हेंबरच्या मध्यावर.

ऑक्टोबरात रायफली कडाडू लागल्या की एल्क उत्तरेकडच्या सावलीच्या उतारांवर, पडझड झालेल्या काळोख्या झाडीत घुसतो आणि दिवसभर बाहेर येत नाही. म्यूल हरिण अॅस्पेनच्या कडेला, झुडपांच्या उन्हाळलेल्या उतारावर, तुटक झाडीत. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोघंही चरायला बाहेर पडतात, तेव्हा एकाच दुर्बिणीत दोघं दिसू शकतात. जुन्या वणव्यानंतर कोवळा पाला फुटलेल्या उतारावर तर नक्कीच. पण दुपार झाली की दोघांची बिऱ्हाडं वेगळी. एल्कसाठी काळोख्या झाडीत वाकून वाकून चालणारा शिकारी हरणाला मुकतो आणि हरणासाठी उन्हातल्या दगडावर दुर्बीण लावून बसलेला एल्कला.

नोव्हेंबरात बर्फ पडला की दोघंही खाली उतरतात. म्यूल हरिण सेजब्रशच्या राखी झुडपांच्या पठारांवर आणि खुज्या जुनिपरच्या टेकड्यांवर. काही कळपांची ही उतरण म्हणजे अक्षरशः वारी असते. वायोमिंगमध्ये हॉल सॉयर या संशोधकाने नोंदवलेला आणि २०१४ मध्ये जगापुढे आलेला एक मार्ग रेड डेझर्टपासून होबॅकच्या डोंगरांपर्यंत २४० किलोमीटरचा आहे. आळंदी ते पंढरपूर साधारण एवढंच अंतर. दरवर्षी एकदा जाणं, एकदा येणं, आणि वाटेत कुंपणं, हमरस्ते, नवी घरं.

कुंपणातलं जंगल

इथवरचं ज्ञान जाणत्या शिकाऱ्याला बापजाद्यांकडून मिळालेलं असतं. नेमकं कोण कोणामुळे हलतं, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. कारण जंगलात एकाच वेळी दोन्ही जातींच्या शेकडो जनावरांवर नजर ठेवणं अशक्य होतं.

ओरेगन राज्याच्या ईशान्येला, ब्लू माउंटन्स डोंगरांत ला ग्रांड शहराजवळ स्टार्की नावाचं प्रयोगासाठी राखलेलं सरकारी जंगल आहे. १९४० पासूनचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे एक अचाट काम करण्यात आलं. सुमारे १०० चौरस किलोमीटर जंगलाभोवती आठ फूट उंचीचं जाळीचं कुंपण घातलं गेलं. मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळपास तेवढंच. आत एल्क, म्यूल हरणं, उन्हाळ्यात चरायला सोडलेली गुरं, रस्ते, लाकूडतोड आणि शिकारीसुद्धा. म्हणजे बाहेरच्या जंगलात जे जे असतं ते सगळं. जनावरांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधले. उपग्रहाचा जमाना अजून यायचा होता. जहाजांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर हे पट्टे चालत. दिवसरात्र, वर्षानुवर्षं कोणतं जनावर कुठे आहे याची नोंद होत राहिली.

त्या नोंदींतून जे चित्र उभं राहिलं ते असं :

रस्त्यावर वाहनं असली की एल्क त्या रस्त्यापासून दूर सरकतो. वाहतूक जितकी जास्त तितका दूर. गुरं एखाद्या कुरणात सोडली की तिथूनही तो काढता पाय घेतो. आणि म्यूल हरिण? ते एल्कपासून दूर सरकतं. जिथे एल्क वावरतात ती जागा ते टाळतं. नोंदींत म्यूल हरणं चक्क वाहत्या रस्त्यांच्या बाजूला जास्त आढळली! रस्ता त्यांना आवडतो म्हणून असेल, असं कुणालाच वाटलं नाही. एल्कने सोडलेली जागा तेवढीच त्यांच्या वाट्याला उरते, असा संशोधकांचा तर्क आहे.

म्हणजे माणसाने एल्कला हुसकायचं, गुरांनी एल्कला हुसकायचं आणि एल्कने हरणाला! चाळीत थोरल्याने धाकट्याला गॅलरीत झोपायला पाठवावं तसं. थोरला भांडत नाही, शिंग उगारत नाही. तो फक्त येऊन बसतो. धाकटा आपणहून उठतो.

पुढे २००२ ते २००४ च्या सुमाराला याच जंगलात आणखी एक प्रयोग झाला. मोटारसायकलीसारख्या चारचाकी गाड्या, डोंगरी सायकली, घोडेस्वार आणि पायी फिरणारे, अशा चार तऱ्हेच्या माणसांना ठरावीक वाटांवरून सोडून जनावरं काय करतात ते पाहिलं. एल्क सगळ्यांनाच बिचकले, चारचाकी गाड्यांना सर्वांत जास्त. म्यूल हरणं मात्र फारशी हलली नाहीत. ती बहुधा होती तिथेच झुडपात दबून बसत. धोका दिसताच एल्क मैलभर पळतो, हरिण दडून राहतं, ही दोघांची जुनी रीत.

आता हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की चित्र बदलतं. एल्कच्या धाकाने हरिण रस्त्याजवळ येतं आणि माणूस आला तरी पळत नाही. रस्त्याजवळ दबून बसलेलं हरिण पिकअप ट्रकमधून फिरणाऱ्याच्या नजरेला आधी पडणार, हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही.

म्हाताऱ्या एल्कला गोळी लागत नाही

शिकारीच्या मोसमात एल्कची पांगापांग आणखी वाढते. ज्यांच्याकडे शिकारी येऊ देत नाहीत अशा खाजगी कुरणांत एल्कचे कळपच्या कळप जाऊन बसतात. मोंटाना राज्यात ही नित्याची डोकेदुखी आहे. सरकारी जंगलात परवाना घेऊन हिंडणारा शिकारी रिकाम्या हाताने परततो आणि कुंपणापलीकडे शेदोनशे एल्क निवांत रवंथ करताना त्याला दिसतात. कुरणमालकाच्या चाऱ्याचा फडशा पडतो तो वेगळाच. काही राज्यांत या नुकसानीची भरपाई सरकार देतं. मोंटानात तर शिकाऱ्यांना जमिनीवर येऊ द्यावं म्हणून सरकारच मालकांना मोबदला देतं.

हे शहाणपण एल्कला कुठून येतं? अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅनडातल्या मादी एल्कचा वर्षानुवर्षं माग काढला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष शिकाऱ्यांना चांगलाच झोंबला. वय वाढतं तशी मादी हालचाल कमी करते, रस्त्याजवळ असेल तर आडोसा धरते, धनुष्यबाणवाल्यांचा मोसम कोणता आणि रायफलवाल्यांचा कोणता हे ओळखून वेगवेगळी जागा निवडते. नऊ-दहा वर्षांची झाली की ती शिकाऱ्याच्या हाती जवळजवळ लागतच नाही. शिवाय धीट, भटक्या स्वभावाची जनावरं आधी मारली जातात आणि भित्री उरतात. म्हणजे दरवर्षीची शिकार ही एल्कची एक प्रकारची शाळाच. नापास होणारा पुन्हा वर्गात दिसत नाही.

हरणाला अशी शाळा फारशी लाभत नाही. लांब पळून दुसऱ्या खोऱ्यात जाणं त्याच्या स्वभावात नाही. ठरलेली वाट, ठरलेली टेकडी, ठरलेलं झुडूप. आईने दाखवलेल्या जागी पिढ्यान् पिढ्या येत राहायचं. या निष्ठेचं कौतुक करावं की कीव, हा प्रश्नच आहे.

गुडघाभर बर्फ आणि एक रोग

धाकट्याच्या मागे लागलेलं शुक्लकाष्ठ एवढ्यावर संपत नाही. हिवाळ्यात दोघंही त्याच पठारांवर गर्दी करतात. लांब पायांचा एल्क खोल बर्फ तुडवत जातो, खुराने बर्फ उकरून गवत काढतो. म्यूल हरिण गुडघाभर बर्फातच दमतं. अंगावर साठवलेल्या चरबीवर ते कसेबसे चार महिने काढतं. शरद ऋतूत एल्कने कोवळा पाला आधीच संपवला असेल, तर ती चरबी कमी भरते. २०२२-२३ चा हिवाळा पश्चिम वायोमिंगमध्ये विलक्षण कडक गेला. हरणं मोठ्या संख्येने दगावली, पाडसं तर जवळजवळ सगळीच.

त्यातच एक चिवट रोग. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पाळलेली म्यूल हरणं खंगून मरू लागली. १९७८ मध्ये कळलं, की हा मेंदूला भोकं पाडणारा, ‘मॅड काऊ’च्या जातीचा आजार आहे. १९८१ मध्ये तो रॉकी माउंटन उद्यानातल्या रानटी एल्कमध्येही सापडला. आज अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांत तो पोचला आहे. लाळेतून, मल-मूत्रातून पसरणारं त्याचं विष मातीत वर्षानुवर्षं टिकतं. एकाच जागी आळीपाळीने चरणाऱ्या दोन जातींना ती जागाच बाधते. लागण मात्र एल्कपेक्षा म्यूल हरणांत जास्त आढळते. माणसाला हा रोग झाल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. तरीही बाधित भागातल्या शिकाऱ्यांनी मांस तपासून घ्यावं आणि रोगी जनावराचं मांस खाऊ नये, असं अमेरिकेचं आरोग्यखातं सांगतं. हौसेने भरलेला फ्रीजर तपासणीचा कागद येईपर्यंत उघडायचा नाही, ही अनेक घरांतली नवी शिस्त आहे.

कोलोरॅडोतली म्यूल हरणं २००० नंतरच्या दशकात सहा लाखांच्या घरात होती. पुढच्या दशकात ती चार लाखांच्या आसपास आली. त्याच राज्यात एल्क पावणेतीन लाखांच्या वर आहेत, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. एवढ्यावरून ‘एल्कनेच हरणांना संपवलं’ असा निकाल देणारे शिकारी गावोगावच्या बंदुकीच्या दुकानांत भेटतात. पण ते तितकं सोपं नाही. दुष्काळ आहे, वणवे विझवत राहिल्याने जुनाट झालेली झाडी आहे, वारीच्या वाटेवर उभी राहिलेली घरं आणि वायुविहिरी आहेत, पहाडी सिंह आहेत. एल्क हे त्यातलं एक कारण. मात्र इतर कारणांनी हरिण आधीच वाकलेलं असताना मोक्याची जागा सोडायला लावणारं कारण तेच आहे.

रस्ता बंद करायचा की नको?

एल्क सरकारी जंगल सोडून खाजगी कुरणात जातात यावर वनखात्याला एक उपाय सापडला आहे. शिकारीच्या मोसमात जंगलातले कच्चे रस्ते वाहनांना बंद करायचे. ओरेगनमध्ये अशा भागांत हिरव्या ठिपक्याची पाटी असलेल्या रस्त्यावरूनच गाडी नेता येते, बाकी वाट पायी तुडवायची. शांतता मिळाली की एल्क सरकारी जंगलात टिकतो. शिकारी खूश, कुरणमालक खूश.

स्टार्कीचे आकडे मात्र इथे आडवे येतात. रस्ता बंद झाला, गाड्या थांबल्या, की एल्क रस्त्याच्या कडेपर्यंत येणार. त्या पट्ट्यात जे हरिण आजवर तग धरून होतं, ते मग कुठे जाणार? एल्कचा कोटा वाढवला, माद्यांचे परवाने जास्त दिले, तर हरणांना जागा मिळेल, असं काही जण म्हणतात. पण एल्कच्या परवान्यांवर राज्यांच्या वन्यजीव खात्यांची तिजोरी चालते आणि एल्क कमी झालेले कोणत्याही शिकाऱ्याला आवडत नाहीत. त्यामुळे परवान्यांचे कोटे ठरवताना दोन्ही जातींचे आकडे टेबलावर येतात, वाद होतात आणि प्रत्येक जातीचा कोटा बहुतेक वेळा वेगळाच ठरतो, जणू ते दोन वेगवेगळ्या डोंगरांवर राहतात.

स्टार्कीचं कुंपण अजून उभं आहे. आत गळपट्टे बांधलेले एल्क आहेत, हरणं आहेत, उन्हाळ्यात गुरं येतात, मोसमात शिकारी येतात. आता पट्टे उपग्रहाशी बोलतात आणि जनावराचा ठावठिकाणा पूर्वीपेक्षा कितीतरी नेमका कळतो. म्यूल हरणाचे ठिपके नकाशावर रस्त्याच्या रेषेलगत कधी दिसतात, त्याची तिथे नोंद होत राहते.